‘डॉट प्रो’ आणि वैद्याचे नाव

अनेक वैद्यबंधूंनी आता चिकित्सालयाचे संकेतस्थळ उघडले आहे. औषधालयांचे मालकही मागे नाहीत. पहिला प्रश्न नावाचा, आणि नावापुढील शेपटीचा. ‘डॉट कॉम’ सर्वपरिचित आहे. ‘डॉट प्रो’विषयी मात्र आमच्याकडे वारंवार विचारणा होते, कारण ते केवळ परवानाधारक व्यावसायिकांनाच मिळते अशी समजूत आहे.

एके काळी ती खरी होती. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘आयकॅन’ संस्थेने २००० साली सात नवी क्षेत्रनामे निवडली, त्यांत ‘प्रो’ होते. २००४ साली ते सुरू झाले तेव्हा डॉक्टर, वकील, लेखापाल यांनाच, परवाना तपासून, नाव दिले जाई. २०१५ साली ही अट उठली. आज कोणीही शुल्क भरून ते घेऊ शकतो. सबब ही शेपटी पदवीचा दाखला नव्हे. रुग्णाची खात्री पटवायची तर संकेतस्थळावर आपला वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांकच ठळक द्यावा.

नाव निवडताना रोगाचे नाव व ‘मुक्ती’ यांची जोडी टाळावी. मधुमेह, कर्करोग आदी विकार बरे करण्याच्या औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने मनाई आहे, आणि आमच्या मते असे नाव ही जाहिरातच होय.

नोंदणी सोपी आहे. आयकॅनमान्य नोंदणीकाराकडे नाव शिल्लक आहे का ते पाहावे, एक ते दहा वर्षांचे शुल्क भरावे, आणि पडताळणीचा ईमेल येताच त्यातील दुवा उघडावा. पंधरा दिवसांत पडताळणी न झाल्यास नाव स्थगित होऊ शकते. पहिल्या वर्षाच्या स्वस्ताईला न भुलता नूतनीकरणाचा दर आधी विचारावा.

मात्र नोंद स्वतःच्याच नावे व ईमेलवर असावी. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे काम संकेतस्थळ बनविणाऱ्यावर सोपविले. त्याने नाव आपल्याच खात्यात घेतले. पुढे बिनसले, आणि केसपेपरांवर, औषधांच्या पुड्यांवर वर्षानुवर्षे छापलेला पत्ता हातचा गेला. परगावचे जुने रुग्ण आजही तोच पत्ता उघडतात.

ज्यांची संकेतस्थळे चालू आहेत त्यांनी नोंदणीधारक म्हणून कोणाचे नाव आहे ते तपासावे. दुसऱ्याचे असल्यास संबंध गोडीचे आहेत तोवरच ते आपल्या नावे करून घ्यावे.