अष्टपैलू खेळाडू जॉन वॉर्ड

मुलानें खेळावें कीं अभ्यास करावा, हा वाद सुशिक्षित घरांत नित्य चालतो. अमेरिकेंतील बेसबॉलपटू जॉन मॉन्टगोमेरी वॉर्ड याचें चरित्र या वादांत विचारांत घेण्यासारखें आहे.

वॉर्डचा जन्म १८६० सालीं पेनसिल्व्हानिया प्रांतांत झाला. लहानपणींच मातापित्यांचें छत्र हरपलें. बेसबॉलमध्यें चेंडू टाकणाऱ्या 'पिचर'वर संघाची सारी भिस्त असते. १८७९ सालीं, एकोणिसाव्या वर्षीं, त्यानें प्रॉव्हिडन्स संघास पिचर या नात्यानें ४७ सामने जिंकून दिले. संघ अजिंक्य ठरला. १७ जून १८८० रोजीं बफेलो संघाच्या एकाही गड्यास त्यानें पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोंचूं दिलें नाहीं.

पुढें त्याचा उजवा हात दुखावला. पिचरचा हात गेला म्हणजे चरितार्थच गेला! परंतु हात बरा होईपर्यंत वॉर्ड डाव्या हातानें चेंडू फेंकून क्षेत्ररक्षण करूं लागला. नंतर तो 'शॉर्टस्टॉप' या अवघड जागीं उभा राहिला, आणि त्याच्या न्यूयॉर्क संघानें १८८८ व १८८९ सालीं अजिंक्यपद मिळविलें. पिचर म्हणून दीडशेंहून अधिक विजय आणि फलंदाज म्हणून दोन हजारांहून अधिक यशस्वी फटके, असा दुहेरी पराक्रम त्याच्याच नांवावर आहे.

खेळत असतांनाच त्यानें कोलंबिया येथें कायद्याचा अभ्यास करून १८८५ सालीं पदवी घेतली. त्या विद्येचा उपयोग लागलीच झाला. कराराची मुदत संपली तरी मालकाच्या संमतीवांचून खेळाडूनें दुसऱ्या संघांत जाऊं नये, असा मालकांचा निर्बंध होता. वॉर्डनें १८८५ सालींच खेळाडूंची संघटना उभारली, आणि खेळाडू ही मालकाची जंगम मालमत्ता आहे काय, असा सवाल १८८७ सालीं लेख लिहून केला. मालकांनीं उलट वेतनावर २,५०० डॉलरांची मर्यादा घातली. तेव्हां १८९० सालीं खेळाडूंनीं स्वतःची स्पर्धा सुरू केली. पुष्कळ नामांकित गडी तिकडे गेले. परंतु भांडवल पुरविणाऱ्यांनीं जुन्या मालकांशीं तडजोड केली व एका हंगामांतच ती मोडली.

वॉर्डनें १८९४ सालीं खेळ सोडून वकिली पत्करली. १९२५ सालीं तो वारला. तो निर्बंध मात्र १९७५ सालच्या लवादाच्या निकालानें खिळखिळा झाला.

अंगीं गुण असणें ही एक गोष्ट, आणि त्या गुणावर आपला अधिकार राखणें ही दुसरी. पहिलीसाठीं वॉर्डला मैदान पुरलें. दुसरीसाठीं त्याला ग्रंथ उघडावे लागले.