तान्ह्या पोळ्याचा नंदी घेताना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हा वैदर्भीयांकडे चिल्ल्यापिल्ल्यांचा तान्हा पोळा! चाकांचा लाकडी नंदी ओढत पोरं दारोदार बोजारा मागायला निघतात. मैत्रिणींनो, नंदी घेताना आपण आधी रंग आणि भाव बघतो. मी मात्र दुकानातच तो जमिनीवर ठेवून चार पावलं ओढून बघते. खालची पाटी रुंद आणि चाकं मोठी असली की खड्ड्यात तो सहसा कलंडत नाही. चाकं हलवून बघा. खिळखिळी असतील तर चार घरं फिरेस्तोवर निखळायची. शिंगांची टोकं गोलसरच हवीत. लेकरू अंगावर पडलं तर डोळ्याला लागायचं. ओला फडका घासून रंग उतरला, तर तो नंदी नकोच. लहानगं शिंग तोंडात घालणारच ना! घुंगरू, मणी ओढून बघा. सुटले तर घशात अडकतात. दोरी आखूड ठेवा, लांब दोरी गळ्यात गुंतते.

१ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे तिथे तपासनीस आपणच! चार पैसे जास्त गेले तरी चालेल. मजबूत नंदी धाकट्या भावंडांनाही पुरतो.