ऊन पाण्याचे झरे : गुण आणि मर्यादा



घरातील वडील माणसाचे गुडघे धरले, किंवा अंगावरचा चट्टा काही केल्या जाईना, म्हणजे 'एकदा उनकेश्वरास जाऊन या' असा सल्ला मराठवाड्यात पुष्कळदा ऐकू येतो. उमरग्याच्या श्रोत्यांसही तो अपरिचित नसेल. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात हे क्षेत्र आहे. शरभंग ऋषींची व्याधी हरण व्हावी म्हणून प्रभु रामचंद्रांनी बाण मारून येथील ऊन पाणी वर आणले, अशी कथा आहे. या पाण्याने काय साधते व काय साधत नाही, हे आज पाहू.

प्रथम पाणी ऊन का, हा प्रश्न. आपल्या पायांखालचा काळा पाषाण लाव्हारसाचा आहे खरा. पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा असून केव्हाच थंड झाला. १९९३ च्या भूकंपानंतर उमरग्याशेजारच्या किल्लारीस खोल छिद्र घेतले, तेव्हा हा थर सुमारे ३३८ मीटर जाडीचा आढळला. त्याखाली निराळाच पुरातन खडक लागला. उष्णता येते ती खोलीमुळे. जमिनीत दर किलोमीटरमागे साधारणतः २५ ते ३० अंश तापमान वाढते. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तापते, खडकातील क्षार विरघळवून घेते, आणि एखाद्या मोठ्या भेगेतून निवण्यापूर्वीच वर येते. आपली विहीर उथळ, म्हणून तिचे पाणी थंड. वज्रेश्वरी, तुरळ, उन्हवरे ही कोकणातील उष्णोदके अशीच सह्याद्रीच्या पायथ्याशी ओळीने आहेत.

अशा स्नानाने स्नायू सैल पडतात आणि आखडलेल्या सांध्यांस काही काळ आराम वाटतो. हा गुण नाकारण्याचे कारण नाही. रशियात तर याच गुणावर एक सबंध प्रदेश उभा आहे. काकेशस पर्वताच्या उत्तरेस प्यातिगोर्स्क, किस्लोवोद्स्क, एस्सेन्तुकी व झेलेझ्नोवोद्स्क ही आरोग्यधामे असून, एस्सेन्तुकीभोवतीच्या ग्रामीण जिल्ह्याचे नाव प्रेद्गोर्नी, म्हणजे डोंगरपायथ्याचा, असे आहे. १८०३ साली बादशहा पहिला अलेक्झांडर याने या झऱ्यांस राजमान्यता दिली. तेथे प्रत्येक झऱ्याचे पृथक्करण झालेले आहे : प्यातिगोर्स्कचे गंधकयुक्त पाणी स्नानास, एस्सेन्तुकीचे खारट पाणी पिण्यास. कोणी किती व किती दिवस घ्यावे, हे वैद्य सांगतो. पाणी हे उपचाराचे एक अंग. वैद्याची जागा ते घेत नाही.

नेमका येथेच आपला घोटाळा होतो. अंगावरच्या फिकट किंवा तांबूस चट्ट्यास स्पर्श कळत नसेल, तर ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. या रोगाचे जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ साली शोधून काढले. ते मज्जातंतूंत घर करतात. तेथे कुंडाचे पाणी पोहोचत नाही. उलट बधिर पायास चटका कळत नाही, पाय भाजतो, जखम चिघळते, आणि पुढे बोटे झडतात. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांसही हाच धोका आहे.

यावर उपाय आहे. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेली संयुक्त औषधयोजना सरकारी आरोग्यकेंद्रात विनामूल्य मिळते. ६ महिने, रोग पसरलेला असल्यास १२ महिने, ती नेमाने घेतल्यास कुष्ठरोग बरा होतो. पण जितका विलंब, तितकी इजा कायमची.

तेव्हा उनकेश्वरास जरूर जावे; पण चट्टा आधी डॉक्टरांस दाखवून, आणि चालू औषध न थांबविता. ज्याचा पाय बधिर आहे, त्याने तो कुंडात घालू नये. इतरांनीही प्रथम हाताने पाणी पाहावे. देवदर्शनास उशीर झाला तर देव रागावत नाही. औषधास उशीर झाला तर रोग मात्र थांबत नाही.