एका पेनड्राइव्हवर चार सिस्टिम

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून येणारी सुरक्षेची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ टाकायची तर इंटेलचा आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीपासून आलेला प्रोसेसर, किंवा त्याच तोडीचा दुसरा लागतो. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये असावी लागते. भंडारा, तुमसर, साकोली, पवनीकडच्या घरांत, शाळांत आणि दुकानांच्या काउंटरवर चालणाऱ्या कितीतरी मशिनी या अटीत बसत नाहीत. मशीन धडधाकट आहे, पण दुकानात नेली की सल्ला एकच मिळतो, नवीन घ्या.

त्याआधी लिनक्स चालवून बघायला काहीच हरकत नाही. ते फुकट आहे आणि हार्डडिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच सुरू होते. कोणते लिनक्स आपल्या मशीनला मानवेल, हे मात्र चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून एकाच पेनड्राइव्हवर तीन-चार सिस्टिम ठेवायच्या आणि सुरू करताना यादीतून हवी ती निवडायची. याला मल्टिबूट पेनड्राइव्ह म्हणतात. तो कसा करायचा ते आता क्रमाने पाहू.

सिस्टिम डाउनलोड केली की आपल्याला एक मोठी फाइल मिळते. तिला आयएसओ इमेज म्हणतात. एका अख्ख्या सीडी किंवा डीव्हीडीची हुबेहूब नक्कल त्या एकाच फाइलमध्ये असते.

ही फाइल साध्या पेनड्राइव्हवर कॉपी केली आणि मशीन सुरू केली तर काहीच होत नाही. बहुतेकांची पहिली निराशा इथेच होते. जुनी मशीन बायोसवर चालते. बायोस म्हणजे बटण दाबल्याबरोबर विंडोजच्याही आधी जागा होणारा, मदरबोर्डवरचाच छोटा प्रोग्राम. तो पेनड्राइव्हच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये सुरुवातीची सूचना शोधतो. नव्या मशीनमध्ये बायोसच्या जागी यूईएफआय असते. ते ठरलेल्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाची फाइल शोधते. आपली आयएसओ या दोघांच्याही दृष्टीने एखाद्या सिनेमाच्या फाइलसारखीच. ती उघडून आत बघायचे दोघांनाही ठाऊक नसते.

ही अडचण वेंटॉय नावाचा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम सोडवतो. मुक्तस्रोत म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणीही वाचू शकतो असा. वेंटॉय २०२० मध्ये आला. त्याआधी बहुतेकांचा एक पेनड्राइव्ह आणि एक सिस्टिम असा हिशोब असायचा, आणि दुसरी टाकायची तर सहसा पहिली पुसावी लागे. वेंटॉय पेनड्राइव्हचे दोन भाग करतो. एक फक्त ३२ एमबीचा, तो त्याचा स्वतःचा. उरलेला सगळा आपल्या फाइलींसाठी. मशीन सुरू झाली की तो तिथल्या आयएसओ शोधून यादी दाखवतो आणि आपण निवडलेली फाइल मशीनपुढे खरी डीव्हीडी लावल्यासारखी मांडतो.

पेनड्राइव्ह निदान ३२ जीबीचा घ्या. तो लावल्यावर विंडोजमध्ये २९ जीबीच्या आसपास दिसेल, पण त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. फसवणूक वेगळीच असते. चार-पाचशे रुपयांत दोन टीबी सांगून विकला जाणारा पेनड्राइव्ह आतून बराच लहान असतो. फाइली कॉपी होताना दिसतात, पण क्षमता संपल्यावर लिहिलेले सगळे वाया जाते. नागपूरला बर्डीवर गेलात तरी पक्की पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्या. शंका वाटली तर एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा मोफत प्रोग्राम चालवा. तो पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचतो आणि खरी क्षमता सांगतो. त्याला वेळ लागतो, रात्री लावून ठेवा.

आता काय काय डाउनलोड करायचे? विंडोजची सवय असलेल्या माणसाला लिनक्स मिंट सर्वात कमी परके वाटते, असे माझे मत. मेनू खाली डावीकडे, घड्याळ उजवीकडे, बाकी मांडणीही ओळखीची. मशीनला चार जीबी रॅम असेल तर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. फारच जुनी, दोन जीबी रॅमची मशीन असेल तर अँटीएक्स. तिसरी सोय म्हणून बॉस लिनक्स ठेवता येईल. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांचा विचार करून ते तयार केले, २००७ पासून ते उपलब्ध आहे आणि त्यात मराठीची सोय आहे. चौथी फाइल रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टची. ती अगदी लहान असते, पण ‘मशीन मध्येच बंद पडते’ या तक्रारीत तिच्याइतकी उपयोगाची दुसरी गोष्ट नाही.

फाइल ज्याची त्याच्याच अधिकृत साइटवरून घ्या. विंडोजची आयएसओ हवी असेल तर ती मायक्रोसॉफ्ट स्वतः देते. ‘आधीच अॅक्टिव्हेट केलेली’ म्हणून हातोहात फिरणारी कॉपी बँकेचे व्यवहार होणाऱ्या मशीनवर टाकू नका. तिच्यात कोणी काय मिसळले आहे, हे आपल्याला कळायचा मार्ग नाही.

गावाकडे डाउनलोडचीच मोठी अडचण असते. मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास, आणि मोबाइलचा रोजचा डेटा दीड-दोन जीबी. अर्ध्यावर डेटा संपतो किंवा लाईन जाते. मग दुसऱ्या दिवशी ब्राउझर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, नाहीतर अपुरीच फाइल पूर्ण झाल्यासारखी सोडून देतो. यावर उपाय टोरंटचा. टोरंट म्हणजे फाइलचे तुकडे करून, जिथे थांबले तिथून पुढे उतरवण्याची पद्धत. नाव बदनाम झाले आहे खरे, पण लिनक्स मिंट आणि उबुंटू आपल्या आयएसओ स्वतःच टोरंटने देतात, त्यात बेकायदा काही नाही. शिवाय टोरंट प्रत्येक तुकडा तपासून घेतो, त्यामुळे अपुरी फाइल गळ्यात पडत नाही.

थेट डाउनलोड केले असेल तर ही तपासणी आपण करायची. साइटवर फाइलशेजारी चौसष्ट अक्षर-अंकांची एक ओळ दिलेली असते. तिला चेकसम म्हणतात, म्हणजे फाइलवरून हिशोबाने काढलेली ओळखखूण. सेव्हन-झिप बसवलेले असेल तर आयएसओवर उजवे क्लिक करा, सीआरसी एसएचए या पर्यायात जा आणि एसएचए-२५६ निवडा. आलेली ओळ साइटवरच्या ओळीशी ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळे असेल तर फाइल टाकून द्या. ‘पेनड्राइव्ह चालत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत पेनड्राइव्ह पुष्कळदा निर्दोष असतो आणि आयएसओच अर्धी असते.

आता वेंटॉय. ते वेंटॉय डॉट नेट या त्याच्या साइटवरून घ्या, सारख्या नावाच्या दुसऱ्या साइटवर जाऊ नका. झिप फाइल उघडून पूर्ण बाहेर काढा. झिपच्या आतूनच प्रोग्राम चालवला तर तो अडतो. बाहेर काढलेला चालवला की ड्राइव्हची यादी आणि इन्स्टॉलचे बटण असलेली खिडकी उघडते.

पुढचे बटण दाबायच्या आधी जरा थांबा. इन्स्टॉल दाबले की पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते. त्याहून मोठा धोका असा, की लग्नाचे फोटो ठेवलेली बाहेरची हार्डडिस्क लावलेली असेल तर तीही यूएसबीचीच, म्हणून यादीत तीही दिसते. तेव्हा हवा तो पेनड्राइव्ह सोडून बाकी सगळे काढून ठेवा. यादीत आकडा पाहा, आपल्याच पेनड्राइव्हचा दिसतो ना? दिसत असेल तरच पुढे जा. सगळी उपकरणे दाखवण्याचा पर्याय मेनूत आहे, त्याला हात लावू नका, कारण मग मशीनच्या आतली हार्डडिस्कही यादीत येते. वेंटॉय दोनदा विचारतो. दुसऱ्यांदा विचारले की सवयीने हो म्हणू नका, नाव आणि आकडा पुन्हा वाचा.

एमबीआर की जीपीटी असे विचारले तर आहे ते एमबीआरच राहू द्या. पेनड्राइव्हच्या भागांची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती आहेत, आणि एमबीआरवर केलेला पेनड्राइव्ह सहसा जुन्या-नव्या दोन्ही मशिनींवर सुरू होतो.

काम मिनिटभरात होते. वेंटॉय नावाचा रिकामा ड्राइव्ह दिसू लागतो. त्यावर आयएसओ फाइली नेहमीसारख्या कॉपी करा. त्या झिपसारख्या उघडायच्या नाहीत, फोडायच्या नाहीत. नावात मोकळी जागा आणि देवनागरी अक्षरे टाळलेली बरी. कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपटू नका, विशेषतः हे काम लिनक्सवर करत असाल तर. पट्टी भरते तेव्हा शेवटचा काही भाग पेनड्राइव्हवर लिहून व्हायचा असतो.

इथवर सगळे सरळ होते. खरी कटकट ज्या मशीनवर पेनड्राइव्ह चालवायचा तिथे सुरू होते.

ती मशीन विंडोजमधून बंद करताना शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. एरवी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग पेनड्राइव्ह लावून चालू करा आणि लगेच बूट मेनूचे बटण थांबून थांबून दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२ असते, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ१२च, पण काही वेळा ते आधी एफ२ ने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागते. विंडोजचे चिन्ह दिसले म्हणजे उशीर झाला, पुन्हा करा.

बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा यूईएफआय लिहिलेला आणि एकदा न लिहिलेला. नुसते चालवून बघायचे असेल तर दोन्ही चालतात. विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचे असेल तर मात्र विंडोज ज्या पद्धतीने बसले आहे तीच निवडा, नाहीतर सुरू होताना दोघांपैकी एकच दिसते. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडले की बायोस मोडसमोर लेगसी आहे की यूईएफआय, ते लिहिलेले असते.

पेनड्राइव्ह यादीतच आला नाही तर आधी पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचा, आणि जुन्या मशीनवर निळ्याऐवजी काळा पोर्ट वापरून बघा.

काही मशिनींवर वेंटॉयऐवजी ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ असा निळा पडदा येतो. घाबरू नका. हे सिक्युअर बूटचे काम. सही नसलेला प्रोग्राम सुरूच होऊ न देणारी ती राखण आहे. ओके करा, मग कोणतेही बटण दाबा आणि ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’ निवडा. त्यात व्हीटीओवायईएफआय नावाच्या भागात एकच सर्टिफिकेटची फाइल असते, नावाची सुरुवातच ‘एनरोल धिस की’ अशी. ती निवडून कंटिन्यू, यस आणि रिबूट. एका मशीनवर हे एकदाच करावे लागते.

पुष्कळ जण याऐवजी सरळ सिक्युअर बूटच बंद करतात. मी तसे सुचवणार नाही. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते, आणि सेटिंग बदलली की विंडोज अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागते. ती सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खाते कोणाच्या ईमेलवर काढले होते हेच आठवत नसेल, तर आतला डेटा गेला समजा. म्हणून निळ्या पडद्याची वाट न पाहता, पेनड्राइव्ह लावायच्याही आधी ती की कागदावर उतरवून घ्या.

वेंटॉयची यादी आली की बाण वापरून सिस्टिम निवडा आणि नॉर्मल मोडने सुरू करा. पडदा काळाच राहिला तर परत येऊन ग्रब२ मोड वापरून पाहा. लिनक्स मिंट आता पेनड्राइव्हवरून चालते आहे. याला लाइव्ह म्हणतात. हार्डडिस्कवर अजून काहीही बदललेले नाही. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, हे सगळे इथेच तपासा. वायफाय नाही मिळाले तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, नेट चालू होते.

मराठी टायपिंगही बघून घ्या. इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड विंडोजसारखाच चालतो. पण शाळेत किंवा कार्यालयात कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले कागद असतील, तर तो फॉन्ट नसताना लिनक्सवर निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. डिजिटल सहीचे टोकन आणि अंगठ्याचे मशीन हेही तसेच. त्यांची सॉफ्टवेअर बहुधा विंडोज धरूनच केलेली असतात. म्हणून ग्रामपंचायतीच्या किंवा सेवा केंद्राच्या मशीनवरून विंडोज काढू नये, असे मी स्पष्ट सांगेन. घरच्या, मुलांच्या अभ्यासाच्या मशीनला ही अडचण नाही.

बसवायचेच ठरवले तर ‘इरेज डिस्क’ या पर्यायाकडे नीट लक्ष द्या. तो अख्खी हार्डडिस्क पुसतो, नुसता सी ड्राइव्ह नाही. आपले फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, हिशोब आधी दुसरीकडे काढून घ्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सवरचे धडे मराठी आवाजातही आहेत, ते आधी बघितले तर हात चाचरणार नाही.

मिंटची नवी आवृत्ती आली की जुनी आयएसओ पुसून नवी कॉपी करा, वेंटॉय पुन्हा टाकायची गरज नाही. वेंटॉयचीच नवी आवृत्ती आली तर त्याच खिडकीत इन्स्टॉलच्या शेजारचे अपडेट दाबा, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या फाइली जागच्या जागी राहतात.