तंबोरा मावेल एवढे घर

घर पाहावे बांधून, असे पूर्वीचे लोक म्हणत. आता बांधावयाचे कोणी? दलालाच्या मागून जिने चढत पाहावयाचे! तो दार उघडतो, दिवा लावतो आणि चौरस फूट सांगतो. गवयाने अशा वेळी मोठ्याने एक टाळी वाजवावी, असे माझे मत आहे. दलाल दचकतो, पण खोलीचा स्वभाव कळतो. टाळीमागून पत्रा थरथरल्यासारखा नाद निघाला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवीत आहेत असे समजावे. हा दोष सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांचे कपाट यांनी बराच निघतो.

घुमण्याचा दोष मात्र चिवट. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. या हिशेबाने आठ फूट रुंदीच्या खोलीत दोन भिंतींमध्ये घुमणारा सर्वांत खालचा नाद सेकंदाला सुमारे ७० कंपनांचा येतो, आणि काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ कंपनांची! भिंतीला टेकून बसलेल्या शिष्याला खर्ज अंगावर आल्यासारखा वाटतो आणि मधोमध बसलेल्याला तोच विरलेला. म्हणून बैठक भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, पण अगदी मध्य टाळून मांडावी. लांबी-रुंदी सारखी असलेली खोली तर घेऊच नये; दोन्ही दिशांचे घुमणे एकाच स्वरावर येते.

एवढा विचार घराच्या बाबतीत करावा लागतो, कारण शाळा आणि घर एक झाले आहे. आमच्या बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली निघाली. दरबारी गवयांसाठी कलावंत कारखाना होता. वडील त्या चाकरीच्या शेवटच्या पिढीतले आणि मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. १९४९ साली राज्य विलीन झाले आणि त्यानंतर आमच्याकडे शिकवणी माजघरात आली, ती आजतागायत तिथेच आहे.

तळमजल्याची जागा स्वस्त मिळते, वयस्क शिष्यांनाही सोयीची. पण विश्वामित्रीचे पाणी २०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहरात कुठवर चढले, ते बडोदेकरांना सांगावयास नको. पाण्यात सरसाचे सांधे सुटतात आणि भोपळा मऊ पडतो. असा तंबोरा पुन्हा पूर्वीसारखा बोलेल याचा भरवसा कोणी द्यावा? तेव्हा तळमजला नको, हे आधीच ठरले.

वरचा मजला घ्यावा, तर जिना आडवा येतो. जुन्या लाकडी घरांतले जिने अरुंद आणि मधेच वळण घेणारे. पुरुषी तंबोरा साडेचार-पाच फूट लांब, भोपळा कवेत जेमतेम मावणारा. बयाणा देण्यापूर्वी मी प्रत्येक ठिकाणी खोळ घातलेला तंबोरा घेऊन जिना चढून पाहिला. रावपुऱ्याकडची एक फार हवेशीर जागा त्या वळणावरच हातची गेली. सौभाग्यवतींना तिथल्या खिडकीची आठवण अजून येते.

शेवटी घेतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. माणसे चार आणि वडिलांचे मिरजेचे तंबोरे दोन. मोबाइलमध्ये तंबोरा मिळतो, मग ही अडगळ कशाला, असे हितचिंतक विचारतात. प्रवासात तो मीही वापरतो. पण तार मिळवता मिळवता कान तयार होतो आणि जवारीचा दोरा केसभर सरकवला की नाद कसा उघडतो, हे हातानेच शिकावे लागते. सोफा विकला, तंबोरे राहिले. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून ते आतल्या भिंतीशी असतात.

खोल्या वाढविता येत नाहीत. वेळाच वाटून घ्याव्या लागतात. पहाटेचा खर्ज मी हळू आवाजात करतो. तबल्याखाली जाड गादी असते, आणि सकाळी सातच्या आत डग्ग्याला हात लावावयाचा नाही, असा खालच्या बिऱ्हाडाशी करार आहे. मुलगी यंदा दहावीला. संध्याकाळच्या शिकवणीत तिचा अभ्यास स्वयंपाकघरात ओट्याशेजारी चालतो. ती तक्रार करीत नाही. पण परवा भूमितीची वही पुढे ठेवून म्हणाली, ‘‘बाबा, तो भूप साडेसातला संपवाल का? मला प्रमेयाऐवजी आलाप पाठ होतो आहे.’’ तेव्हापासून साडेसात म्हणजे साडेसात.

बैठकीत पाच शिष्य नीट बसतात. गुरुवारी सहावा येतो, तो कपाटाला टेकतो आणि दार उघडत नाही. त्यामुळे गुरुवारचे कपडे बुधवारी रात्रीच काढून ठेवावे लागतात.