रोह्याची ‘कंपनी’ आणि पेणचे ‘सेटिंग’

कंपनी आणि कारखाना

इंग्रजी कोशात ‘कंपनी’ म्हणजे सोबत, किंवा कायद्याने नोंदलेली व्यापारी संस्था. रोह्यात कंपनी म्हणजे धाटावच्या औद्योगिक वसाहतीतला रासायनिक कारखाना. ‘पोरगा कंपनीत लागला’ या वाक्यात भागधारकांचा काही संबंध नसतो. त्यात गेट, हजेरी, पाळी आणि पगार येतो. शेजारच्या पेण तालुक्यात ‘कारखाना’ हाच शब्द गणपतीच्या मूर्ती जिथे घडतात त्या जागेसाठी राखलेला आहे, मग तो घराच्या पडवीत का असेना. इंग्रजीतून आलेल्या शब्दाचा अर्थ मूळ कोशात शोधून सापडत नाही, तो असा गावाच्या व्यवहारात ठरतो.

क्रियापद मराठीच

इंग्रजी शब्द सहसा नाम किंवा विशेषण म्हणून मराठीत येतो आणि वाक्य चालवण्याचे काम करणे, मारणे, लावणे, होणे, घेणे ही क्रियापदे करतात. खरा अर्थ अनेकदा त्यांच्याच हाती असतो. टेन्शन ‘येते’ तेव्हा दोष परिस्थितीचा. ‘घेतले’ तर स्वतःचा. ‘दिले’ तर दुसऱ्याचा. इंग्रजीत एवढा न्यायनिवाडा त्या शब्दात होत नाही. ‘मारणे’ तर फारच उदार आहे: मूर्तीवर स्प्रे मारतात, बाजारात राउंड मारतात, दुचाकीवाला कट मारतो, कामगार ओटी मारतो. ओटी म्हणजे ओव्हरटाइम. कोकणातल्या घराला ओटी असते, सुवासिनीची ओटी भरतात आणि कंपनीत ओटी मारतात. तरी ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

लिंग कसे ठरते

इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग नसते, मराठीत त्यावाचून चालत नाही. बहुतेक वेळा आधीपासून असलेला जवळचा मराठी शब्द ते पुरवतो. गाडी स्त्रीलिंगी, म्हणून बस, ट्रेन आणि दिव्याहून रोह्याला येणारी मेमूही स्त्रीलिंगी. ‘लाइट लावला’ म्हणताना मनात दिवा असतो. ‘लाइट गेली’ म्हणताना वीज. नियम म्हणावा, तर ‘तो ट्रक’ आडवा येतो.

सेट होणे, सेटिंग लावणे

पेण, हमरापूर, जोहे या परिसरात प्लास्टर ऑफ पॅरिसला सर्वजण ‘पीओपी’ म्हणतात. जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवले की त्यातील तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते आणि ही भुकटी मिळते. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीतील जिप्समच्या खाणींवरून तिला ते नाव पडले. पाणी मिसळताच उलट क्रिया सुरू होते, मिश्रण गरम होते आणि काही मिनिटांत घट्ट बसते. याला ‘सेट होणे’ म्हणतात. साच्यात ओतलेले पीओपी, बळकटीसाठी घातलेला काथ्या, मग फिनिशिंग, मग रंग: वाक्यागणिक दोन भाषा खांद्याला खांदा लावून काम करतात. रंग न दिलेली मूर्ती मात्र ‘कच्ची’च राहते, तिथे इंग्रजी शब्दाची गरज कोणाला भासलेली नाही.

कारखान्याबाहेर ‘सेट’ हा शब्द माणसांना लागतो. कायमची नोकरी आणि राहायला जागा मिळालेला तरुण ‘सेट झाला’. ‘सेटिंग’ मात्र थोडे वेगळे: ओळखीने, आडवाटेने जमवलेले काम. सेटिंग ‘असते’ किंवा ‘लावली’ जाते आणि पुष्कळदा ती स्त्रीलिंगी होते. क्रिकेटमधून आलेले ‘फिल्डिंग लावणे’ याच कुळातले. पण त्यात काम अजून झालेले नसते, फक्त माणसे योग्य जागी उभी केलेली असतात.

रुळांवरचे शब्द

कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होऊन कर्नाटकातील ठोकूरपर्यंत जातो. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी स्थानकात थांबणे म्हणजे ‘क्रॉसिंग’; रस्ता रूळ ओलांडतो तेही क्रॉसिंगच, पण त्याला बोलण्यात ‘फाटक’ पुरते. मुख्य रुळाशेजारची मार्गिका म्हणजे ‘सायडिंग’, आणि राजकारणात एखाद्याला सायडिंगला टाकतात तो अर्थ तिथूनच निघाला. ‘आउट ऑफ स्टेशन’मधील स्टेशनचा मात्र रेल्वेशी संबंध नाही. कंपनी सरकारच्या काळात गोरे अधिकारी जिथे राहत ते ठाणे म्हणजे स्टेशन. १८८६ च्या ‘हॉबसन-जॉबसन’ या कोशात हा अर्थ नोंदलेला आहे.

एसटीचे हाफ

बालकांचे अर्धे तिकीट म्हणजे ‘हाफ’ ही ओळख पक्की होती. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळाली आणि ‘हाफ’चा वयाशी असलेला संबंध सुटला.

पर्यायांच्या मर्यादा

परक्या शब्दांना पर्याय देण्याचा मोठा प्रयत्न याच जिल्ह्यातील रायगडावर शिवकाळात झाला: राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. सावरकरांच्या भाषाशुद्धीतला ‘महापौर’ आजही टिकून आहे. पद, कार्यालय, कायदा यांचे शब्द आदेशाने बदलता येतात. हाताच्या कामाचे शब्द सहसा तसे बदलत नाहीत; ‘पाळी’ जिवंत असूनही धाटावला ‘नाईट’ म्हणजे रात्र नव्हे, रात्रपाळी. देवाणघेवाण उलट दिशेनेही होते: इंग्रजीतला ‘माँगूस’ हा मराठी मुंगूसच.

कुंडलिकेच्या मुखाशी

रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. तिथल्या कोर्लई गावात भाषांच्या याच मिश्रणाचे दुसरे टोक ऐकू येते. १७४० मध्ये पोर्तुगीजांची तिथली सत्ता संपली, पण गावातील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज शब्दांची एक स्वतंत्र बोली राहिली. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. रोह्यात शब्द परके आणि क्रियापद मराठी. कोर्लईत क्रियापदेही बव्हंशी पोर्तुगीज, पण मराठीसारखी वाक्याच्या शेवटी बसणारी.