पदविकेचा जमाखर्च

बारावीचा निकाल लागला, म्हणजे आमच्या दिग्रसच्या घराघरांत एकच प्रश्न निघतो : आतां पुढें काय? डॉक्टर होण्याइतके गुण नाहींत, कापसाच्या भावाचा भरंवसा नाहीं, आणि मुलाला दवाखान्याच्या कामाची आवड तर आहे. अशा वेळीं औषधनिर्माण, प्रयोगशाळा, क्ष-किरण अथवा परिचर्या यांपैकीं एखादी दोन-तीन वर्षांची पदविका घ्यावी, असा विचार सुचतो. विचार चांगलाच आहे. परंतु ज्या घरांत बैल घेतांना त्याचे दांत पाहिले जातात, त्याच घरांत केवळ फीचा आंकडा विचारून पदविकेचे पैसे भरले जातात, हें पाहून नवल वाटतें.

औषधनिर्माणाच्या पदविकेचें उदाहरण घेऊं. पुढील आंकडे समजुतीसाठीं धरलेले आहेत. ज्यानें त्यानें तेथें आपले आंकडे घालावे. वर्षाची फी ७०,००० रुपये; यवतमाळास खोली व खानावळ मिळून महिना ६,००० प्रमाणें दहा महिन्यांचे ६०,००० रुपये. मुलगा घरीं राहिला असता तरी जेवला असताच. म्हणून त्यांतून २०,००० वजा करावे. पुस्तकें व एस. टी.चें भाडें १०,०००. वर्षाचे झाले १,२०,००० आणि दोन वर्षांचे २,४०,०००. येथेंच बहुतेकांचा हिशेब संपतो. वस्तुतः मुलगा या काळांत गांवांतील एखाद्या दुकानांत महिना ८,००० मिळवूं शकला असता. पदविकेचीं दोन वर्षें आणि त्यानंतर औषधालयांत करावयाचें ५०० तासांचें प्रत्यक्ष काम, ज्यास निदान तीन महिने लागतात, असे सत्तावीस महिने धरल्यास बुडालेली मिळकत २,१६,००० होते. एकूण खर्च ४,५६,००० रुपये.

आतां जमेची बाजू. तोंवर दुकानांतला पगार १०,००० झाला असता असें मानूं. पदविकेनंतर १४,००० ची नोकरी लागली, तर महिन्याची वाढ ४,००० ची. खर्च भरून येण्यास साडेनऊ वर्षें लागतील. २०,००० मिळाले, तर चार वर्षांच्या आंत तो भरून येतो. जिल्हा परिषदेच्या २०२३ सालच्या भरतींत औषधनिर्माण अधिकाऱ्याचें मूळ वेतन २९,२०० पासून होतें. तें स्थान मिळाल्यास, महागाई भत्ता न धरतांही, सुमारें दोन वर्षांत खर्च निघतो. मात्र एकेका जागेसाठीं स्पर्धा मोठी. कागद एकच, खर्चही एकच, आणि फळ मात्र दोन वर्षांपासून साडेनऊ वर्षांपर्यंत !

पैसा कोठून आणला, हाही प्रश्न आहेच. सावकाराकडून दरमहा शेंकडा तीन रुपयांनीं २,४०,००० काढले, तर व्याजच महिन्यास ७,२०० होतें. म्हणजे वरील ४,००० ची वाढ गिळून सावकार आणखी ३,२०० मागतो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्जयोजनेंत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमास चार लाखांपर्यंत मालमत्ता तारण द्यावी लागत नाहीं, आणि फेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षानें सुरू होते. शिवाय २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क शासनानें पूर्ण माफ केलें. ही माफी केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेनें आलेल्यांस आहे; व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घाईनें प्रवेश घेतला, कीं ती हातची जाते.

तथापि मिळकतीचा खरा निर्णय कायदा करतो. १९४८ च्या औषधनिर्माण कायद्याप्रमाणें डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यास आहे. म्हणून ही पदविका घेतलेला मनुष्य पुढें स्वतःचें औषधालय काढूं शकतो. प्रयोगशाळा-तंत्रज्ञाची गोष्ट निराळी. रक्तादिकांच्या तपासणीच्या अहवालावर त्या विषयांतील पदव्युत्तर डॉक्टराची सही हवी, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१७ मध्यें सांगितलें. तेव्हां स्वतःच्या प्रयोगशाळेची पाटी मनांत धरून जो ही पदविका घेईल, त्यानें सही कोण करणार, हें आधीं ठरवावें. नोकरीच करावयाची असल्यास ही अडचण नाहीं.

शहरांतून "एका वर्षांत तंत्रज्ञ व्हा" असे फलक दिसतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानें प्रयोगशाळा, क्ष-किरण इत्यादि संलग्न आरोग्यव्यवसायांची पदविका निदान २,००० तासांची व दोन ते चार वर्षांची असावी असें म्हटलें आहे. वर्षाचा कागद त्या मापांत बसत नाहीं; त्यावर घातलेले ४०,००० रुपये स्वस्त दिसतात खरे, पण ते खर्चाच्या बाजूसच राहतात. संस्थेस मान्यता कोणाची, कोणत्या वर्षासाठीं आणि किती जागांची, हें मागून पाहावें. औषधनिर्माणाच्या संस्थेस भारतीय औषधनिर्माण परिषदेची मान्यता लागते. ती नसेल, तर पुढें नोंदणी होत नाहीं.

आणखी एक गोष्ट पालकांच्या कानीं येते, ती सांगावयास संकोच वाटतो. "पोरगा शिकला, कीं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानाला भाड्यानें देऊं, घरबसल्या महिन्याला पैसे येतील." हें उत्पन्न जमेस धरूं नये. औषध देतांना औषधनिर्मात्यानें दुकानांत हजर असावयाचें असतें. तपासणींत तो न सांपडल्यास दुकानाचा परवाना धोक्यांत येतो आणि त्याची नोंदणीही. मग सत्तावीस महिन्यांचे ते ४,५६,००० रुपये कोणत्या खात्यांत लिहावयाचे?